रंगाला कारण लागतं

लढाऊ विमानाच्या पत्र्यावरच्या रंगाची जाडी ०.१ मिलिमीटर धरू. ते विमान ३२ पट लहान केलं, तर रंगही ३२ पट पातळ हवा, म्हणजे जेमतेम ३ मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. एअरब्रशने कितीही जपून फवारलं तरी प्रायमर, रंग, वॉर्निश मिळून पाच हात सहज चढतात. एकेक हात १० मायक्रॉनचा धरला तर एकूण थर झाला ५० मायक्रॉनचा. खऱ्या विमानाच्या मापात तो दीड मिलिमीटरहून जाड. एवढा रंग चोपडलेलं विमान कुठल्याही कारखान्याने दाराबाहेर पडू दिलं नसतं.

प्लास्टिकची विमानं जोडून रंगवणाऱ्या हौशी लोकांचा खटाटोप या न सुटणाऱ्या गणिताभोवती चाललेला असतो. लहान प्रमाणात हे गणित झाकून जातं. स्पिटफायर या ब्रिटिश विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर. १/७२ प्रमाणात ते साडेपंधरा सेंटिमीटरचं होतं आणि तळहातावर मावतं. १/३२ मध्ये तेच ३५ सेंटिमीटरचं होतं, आणि रंगवायचं क्षेत्रफळ पाचपट वाढतं. शिवाय नजर जवळ येते. १/७२ चं विमान एक फुटावरून पाहणं म्हणजे खरं विमान २१-२२ मीटरवरून पाहणं. १/३२ मध्ये हेच अंतर पावणेदहा मीटरवर येतं. तेवढ्या अंतरावरून कुठला रंग कशामुळे उडाला, तेल कुठून ओघळलं, हे विचारता येतं. मोठ्या प्रमाणाचं विमान रंगवणाऱ्याला या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात.

पुण्यात कोथरूडला अशी उत्तरं शोधत बसलेले एक गृहस्थ आहेत. वाहनांच्या कारखान्यात पेंट शॉपमध्ये त्यांची नोकरी झाली. नाव छापायचं नाही, या अटीवर त्यांनी गॅलरीतलं कामाचं टेबल दाखवलं. आपण त्यांना काका म्हणू. टेबलावर तामिया या जपानी कंपनीचं १/३२ प्रमाणातलं स्पिटफायर मार्क नाइन होतं. जोडून झालेलं, करड्या प्रायमरमध्ये. हे किट २००९ साली बाजारात आलं आणि अजूनही या हौसेतल्या लोकांत त्याचं नाव आदराने घेतलं जातं. भारतात ते सुखासुखी मिळत नाही. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. दर्जाचे नियमही १ जानेवारी २०२१ पासून कडक झाले. शिवाय ज्वालाग्राही रंगांच्या बाटल्या साध्या टपालाने विमानातून पाठवता येत नाहीत. म्हणून परदेशातून येणाऱ्या भाच्याला किट आणायला सांगायचं आणि रंग इथेच धुंडाळायचे, अशी काकांची सोय.

या विमानावर काका रंगवणार होते १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची ‘ओ एन’ ही अक्षरं. ब्रिटिश हवाई दलाच्या या तुकडीचं पूर्ण नाव ‘नंबर १२४ (बडोदा) स्क्वाड्रन’. १९४० साली ब्रिटनमध्ये विमान उत्पादन मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी विमानांसाठी निधी गोळा करण्याची मोहीम चालवली. ५,००० पौंड दिले की एक स्पिटफायर देणगीदाराच्या नावाचं, असा ढोबळ हिशेब होता. शहरांनी दिले, कारखान्यांनी दिले, हिंदुस्थानातल्या संस्थानिकांनीही दिले. बडोद्याच्या गायकवाडांच्या नावाने एक अख्खी तुकडी ओळखली जाऊ लागली. तेव्हा गादीवर प्रतापसिंहराव होते. मे १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला कॅसलटाउन इथे ती उभी राहिली. तिच्या चिन्हावर मुंगूस होतं. पुढे खूप उंचावरून उडणारी खास स्पिटफायर तिने वापरली, १९४४ मध्ये मार्क नाइन घेतली आणि १९४५ च्या सुरुवातीला हॉलंडमधल्या जर्मन व्ही-टू रॉकेटच्या ठिकाणांवर बॉम्ब टाकले.

“मुलीचं सासर बडोद्याचं,” काकांनी कारण सांगितलं. “जावयाला वाढदिवसाला काय द्यायचं, हा प्रश्न सुटला.”

*

रंगाची तयारी घासपेपरने सुरू होते. इथे काकांचा कारखान्यातला अनुभव कामी येतो आणि काही वेळा आडही येतो. गाडीचा पत्रा आरशासारखा सपाट हवा. विमानाच्या पत्र्यावर रिव्हेट असतात, जोडांच्या रेषा असतात, आणि मोठ्या किटमध्ये त्या सगळ्या कोरलेल्या असतात. पण खऱ्या स्पिटफायरवर त्या किती दिसत होत्या?

याबद्दलची एक हकिकत प्रसिद्ध आहे. ५ मार्च १९३६ रोजी पहिलं स्पिटफायर, के ५०५४, इंग्लंडमध्ये ईस्टली इथून उडालं. रिव्हेटची डोकी पत्र्यात सपाट बसवली तर विमान वेगाने जातं, पण असं बसवणं खर्चिक आणि वेळखाऊ. मग नेमक्या कुठल्या रिव्हेट सपाट हव्यात? कंपनीच्या लोकांनी वाटाण्याची डाळ आणली आणि एकेका सपाट रिव्हेटवर डाळीचा एकेक दाणा सरसाने चिकटवला. सगळ्या अंगावर डाळ असताना वेग ताशी २२ मैलांनी घटला. मग एकेका भागावरची डाळ खरवडत पुन्हा पुन्हा उड्डाणं केली आणि कुठल्या ओळीत साधी गोल डोक्याची रिव्हेट चालेल, ते ठरवलं. पंखाच्या पुढच्या भागात तर रिव्हेट आणि जोड लांबीने भरून, घासून गुळगुळीत केले जात आणि मग रंग चढे.

म्हणजे प्रतिकृतीच्या पंखाच्या पुढच्या कडेला खोल रिव्हेटच्या ओळी ठेवल्या, तर किट बनवणाऱ्याची कारागिरी दिसते, विमान दिसत नाही. काकांनी त्या ओळी पातळ लांबीने भरल्या आणि ८०० नंबरच्या पाण्याच्या पेपरने घासून काढल्या. मागच्या भागातल्या ठेवल्या. किटसाठी मोजलेल्या पैशांपैकी काही पैसे या कोरीव ओळींचे होते, आणि ते असे घासून टाकताना हात अडखळतो, हे त्यांनी हसत कबूल केलं.

प्रायमर म्हणून ते लॅकर जातीचा करडा प्रायमर वापरतात. तो प्लास्टिकला घट्ट धरतो, पटकन वाळतो आणि अतिशय पातळ बसतो. पुण्यात त्याचा शत्रू पावसाळा. थिनर भराभर उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगावर पांढुरका धुरकटपणा येतो. कॉम्प्रेसरच्या टाकीतही पाणी साचतं आणि नळीतून येऊन ऐन पंखाच्या मध्यावर थेंब उडवतं. त्यासाठी नळीवर पाणी अडवणारी बाटली लावायची, हळू उडणारा थिनर मिसळायचा आणि भर पावसात लॅकरला हातच लावायचा नाही. जून ते सप्टेंबर काका फक्त जोडकाम करतात. रंग दसऱ्याच्या आसपास सुरू होतो. तोंडाला मास्क असतो, तोही साध्या कापडाचा नाही, गाळणीच्या डब्या लावलेला. गॅलरीत एक्झॉस्ट पंखाही बसवला आहे. पेंट शॉपमधल्या माणसाला या वाफांचं गांभीर्य वेगळं सांगावं लागत नाही.

*

आता मूळ प्रश्न: रंग कोणता? डब्यातल्या कागदावर उत्तर दिलेलं असतं. तामियाने याच किटच्या जोडीला तीन नवे रंग काढले: गडद हिरवा, समुद्री करडा आणि पोटाखालचा फिकट करडा. हे तीन आणून कागदावरच्या नकाशाबरहुकूम फवारले की काम झालं, असं वाटू शकतं. ब्रिटिश कागदपत्रांतला इतिहास मात्र सरळ नाही.

१९४० मध्ये स्पिटफायरच्या पाठीवर हिरवा आणि मातकट तपकिरी असे दोन रंग होते. इंग्लंडच्या शेतांवरून उडताना वरून पाहणाऱ्याला ते मिसळून जात. १९४१ मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानं खाडी ओलांडून फ्रान्सवर जाऊ लागली. खाली समुद्र आणि ढग, उंचीही जास्त. म्हणून ऑगस्ट १९४१ मध्ये तपकिरीच्या जागी करडा आला. आदेश निघाला, पण ठरलेला करडा सगळीकडे पुरेसा नव्हता. तेव्हा तळांवरच्या लोकांना तोडगा सांगितला गेला: फिकट करड्याचे सात भाग, काळ्याचा एक भाग, ढवळा आणि मारा. युद्ध चालू असताना बादलीत ढवळलेल्या या करड्याची छटा प्रत्येक तळावर तंतोतंत तीच असेल, असं कोण म्हणेल? आज जे हौशी लोक एका छटेवरून रात्र रात्र वाद घालतात, त्यांनी हे ७ : १ चं प्रमाण भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

शेपटीजवळच्या १८ इंची पट्ट्याचा आणि नाकाच्या टोकाचा फिकट हिरवट रंग, ‘स्काय’, याचीही एक गोष्ट आहे, आणि ती हिंदुस्थानाशी जोडलेली आहे. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने युद्धाच्या तोंडावर छुपी हवाई छायाचित्रं काढण्याचं काम उभं केलं. त्याने सांगितलेल्या हकिकतीनुसार, लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावर जोधपूरच्या महाराजांचं खाजगी विमान उडताना त्याने पाहिलं. बदकाच्या अंड्यासारख्या फिकट हिरवट रंगाचं ते विमान बघता बघता आकाशात दिसेनासं झालं. त्यावरून त्याने आपल्या विमानांसाठी ‘कॅमोटिंट’ नावाचा रंग करून घेतला, आणि ‘स्काय’चा उगम त्यातच सांगितला जातो. हवाई दलाने १९४० च्या उन्हाळ्यात लढाऊ विमानांची पोटं स्कायने रंगवण्याचा हुकूम काढला, तेव्हाही रंग पुरेना आणि वेगवेगळ्या तळांवर निळसर, हिरवट अशा अनेक छटा निघाल्या.

पुरावा म्हणून उरतात ते बहुतेक कृष्णधवल फोटो, आणि तेही नेहमी साक्षीला उभे राहत नाहीत. त्या काळातली काही फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. तीत लाल काळा दिसतो, पिवळा गडद होतो आणि निळा फिकटतो. विमानावरच्या गोल बिल्ल्याभोवतीचं पिवळं कडं एखाद्या फोटोत गायब दिसलं, तर ते नव्हतंच असं म्हणण्याआधी फिल्म कोणती होती ते विचारावं लागतं.

छटेबद्दल आणखी एक वाद आहे. लांबच्या वस्तूवर हवेचा पडदा येतो, रंग फिके दिसतात. म्हणून लहान प्रतिकृतीवर खरा रंग जसाच्या तसा मारला तर तो काळवंडलेला वाटतो. काही जण त्यासाठी रंगात पांढरा मिसळतात. १/७२ साठी १५ टक्के, १/३२ साठी ७ टक्के असे आकडे या मंडळींत रूढ आहेत. काकांना हे टक्के पटत नाहीत. “पावणेदहा मीटरवर धुकं कुठून येणार?” असा त्यांचा सवाल. फिकटपणा त्यांनाही हवाच आहे, पण तो उन्हाने दिलेला हवा. ऊन वरून पडतं. म्हणून पंखाची आणि कण्याची वरची बाजू फिकटते, बाजूची भिंत कमी, पोट त्याहून कमी. बाटलीत पांढरा ओतला तर हा फरकच पुसला जातो.

*

फवारणीची सुरुवात काळ्यापासून होते. प्रायमरवर काळा हात मारायचा आणि त्यावर मुख्य रंग अगदी पातळ करून, पेन्सिलीने गिरगटावं तसा, वेड्यावाकड्या ठिपक्यारेषांनी भरत जायचा. काळा कुठे जास्त झाकला जातो, कुठे कमी. मग त्यावर एकसंध पातळ हात देऊन सगळं बांधून घ्यायचं. एअरब्रशच्या तोंडाशी ०.३ मिलिमीटरची सुई, हवेचा दाब १२ ते १५ पीएसआय, हात पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरवर. एका पंखाला पूर्ण संध्याकाळ लागते. दुरून पाहिलं तर पंख एकाच रंगाचा दिसतो, आणि तरीही तो कोरा, प्लास्टिकचा वाटत नाही. पेणला गणपतीच्या मूर्तींवर अंगकांतीची छटा अशाच हवेच्या फवाऱ्याने देतात. पहिला एअरब्रश आपण तिथल्या एका कारखान्यात पाहिला, असं काका सांगतात.

हिरव्या-करड्याची नागमोडी सीमा मात्र मोकळ्या हाताने काढून भागत नाही. खऱ्या विमानावर ती बऱ्यापैकी घट्ट होती. समजा तिथे रंग एक इंचभर एकमेकांत विरघळत असेल, तर १/३२ मध्ये त्याची रुंदी ०.८ मिलिमीटर. मोकळ्या फवाऱ्याची धार सहज तीन-चार मिलिमीटरची होते, म्हणजे खऱ्यावर चार-पाच इंच. काकांनी चिकट मातीच्या वळ्या लाटून सीमेवर ठेवल्या, आतला भाग टेपने झाकला आणि फवारा सरळ वरून मारला. वळीच्या गोलाईखाली रंग किंचित शिरतो आणि हवी तेवढीच मऊ धार मिळते. ही नक्षीही मनची नसते. आधी तिचे ‘ए’ आणि ‘बी’ असे, एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब असलेले दोन नमुने विमानांवर आळीपाळीने येत. १९४१ नंतर ‘ए’ तेवढा उरला. १९४४-४५ च्या विमानावर ‘बी’ काढला, तर कुणीतरी बोट ठेवणारच.

बिल्ले आणि अक्षरं यांसाठी किटमध्ये पाण्याने सुटणारी छापील चित्रं, म्हणजे डिकल, असतात. लहान विमानावर ती बरी. मोठ्या विमानावर त्यांची पातळ झिलई कडेला चमकते आणि खाली हवा अडकली तर रुपेरी डाग दिसतो. म्हणून १/३२ वाले बहुधा कापलेल्या स्टेन्सिलमधून बिल्लेही फवारतात: आधी पिवळा, मग पांढरा, लाल, निळा, आणि दोन रंगांमध्ये एक रात्र. मार्क नाइनवरच्या बिल्ल्यात पांढऱ्याचं कडं अरुंद आहे, कारण १९४२ पासून भडक पांढरा कमी करण्यात आला. हेच स्पिटफायर ब्रह्मदेशच्या आघाडीवरचं असतं, तर त्यातला लालही गेला असता. जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत नको म्हणून तिथे दोन निळ्यांचे बिल्ले होते. आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत भारतीय हवाई दलाच्या विमानांवर पांढऱ्यावर निळं अशोकचक्र होतं, तिरंगी बिल्ला त्यानंतर आला. काकांच्या कपाटात दोन निळ्यांच्या आणि अशोकचक्राच्या बिल्ल्यांची स्टेन्सिलं कापून ठेवलेली आहेत. पुढच्या दोन विमानांची ती बेगमी.

जून १९४४ मध्ये फ्रान्सवर उतरण्याच्या आधी दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे घाईघाईने मारले गेले. एकाच इंजिनाच्या विमानावर पट्टा १८ इंचांचा, म्हणजे १/३२ मध्ये १४.३ मिलिमीटर. माप पक्कं, पण मारणाऱ्यांच्या हातात मोठे ब्रश होते आणि वेळ थोडा. अशा पट्ट्यांना टेप लावून रेखीव धार काढली, की प्रतिकृती सुबक होते आणि खोटी पडते. ज्यांना हे समजतं, ते तिथे एअरब्रश बाजूला ठेवून साधा ब्रश उचलतात.

*

शेवटचा टप्पा ‘वेदरिंग’चा, म्हणजे वापराच्या खुणा. सगळ्यांना हौस इथेच असते आणि बहुतेक मोठी विमानं इथेच बिघडतात. पत्र्यांच्या सगळ्या रेषा काळ्या तैलरंगाने भरल्या, कडांना चंदेरी टवके काढले, कुठेकुठे गंजाचा तांबूस रंग लावला, की विमान फोटोत झकास दिसतं. मग एकेका खुणेचं कारण विचारायचं.

गंज? स्पिटफायरचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. त्याला तांबूस गंज येत नाही. तो एक्झॉस्टच्या तापलेल्या नळ्यांपुरता. शेपटीच्या सुकाणूवर चंदेरी टवके? सुकाणूवर कापड ताणलेलं आहे. कापडाखाली धातूच नाही, तर चमकेल काय? करडा रंग उडालेल्या जागी तपकिरी? १९४१ मध्ये तपकिरीवरच करडा मारलेल्या जुन्या विमानावर ते खरं. बडोदा स्क्वाड्रनच्या सुरुवातीच्या विमानांवर ते शोभलं असतं. मार्क नाइन कारखान्यातूनच करड्या रंगात निघालं, त्याच्या पोटात तपकिरी नाही.

उलट काही खुणा हव्यातच. वैमानिक चढायचा तो डाव्या बाजूने, कारण कॉकपिटचं छोटं दार डावीकडे. म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी बुटांनी रंग झिजलेला हवा, उजवीकडे त्याहून कमी. बंदुकांच्या तोंडावर लाल कापडी पट्टी चिकटवत. गोळीबार झाला की ती फाटे आणि पंखाखाली काजळीचे फराटे येत. पट्टी अखंड ठेवून काजळी दाखवली, तर ती कुठून आली? स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाचं तेल पोटाखालून मागे ओघळे, सरळ रेषेत नव्हे तर हवेच्या प्रवाहाबरोबर पसरत. आणि उन्हाने फिकटणं बेताचंच, कारण युद्धातल्या लढाऊ विमानाचं आयुष्य अनेकदा काही महिन्यांचं असे.

काकांनी तैलरंगाचे नखाएवढे ठिपके पंखावर टेकवले आणि टर्पेंटाइनमध्ये जेमतेम भिजवलेल्या सपाट ब्रशने हवेच्या दिशेने ओढले. दहा ठिपक्यांपैकी आठ पुसून टाकले. पेंट शॉपमध्ये त्यांच्या हाताखालच्या पोरांना ते सांगायचे की गाडीवर डाग पडला तर तो कुणी पाडला ते शोधा, पुसणं सोपं आहे. इथे डाग आपणच पाडायचा, म्हणून तो कुणी पाडला हे आधी ठरवायचं.

टेबलावर पिवळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. तीत रंगांची प्रमाणं, दाब, तारखा लिहिलेल्या आहेत. मागच्या पानांवर वेगळी यादी आहे, न करायच्या गोष्टींची. ‘सुकाणूला चांदी नाही.’ ‘तपकिरी नाही.’ ‘पुढच्या कडेला रिव्हेट नाही.’ ‘काळ्या रेषा नाहीत, फक्त उघडणाऱ्या झडपांना करडी.’ एकेका ओळीपुढे कारण, आणि जमलं तिथे पुस्तकाचं पान किंवा फोटो. मॅट वॉर्निशचा अखेरचा हात अजून दिलेला नाही, कारण एक ओळ कारणाविना राहिली आहे: ‘नाकाच्या टोकाचा स्काय किती उडाला?’ त्यांना हव्या त्या कोनातून या तुकडीच्या विमानाचा फोटो मिळालेला नाही. जावयाचा वाढदिवस जानेवारीत आहे. तोवर फोटो सापडला तर ठीक, नाहीतर टोक जसं आहे तसंच राहील, एकही टवका न काढता.